द्वारकेवरचा न्यूट्रल

सिडको, नाशिक
१८ जानेवारी

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "नवी मोटरसायकल काय म्हणते?" आणि मी "मस्त" म्हणून विषय बदलला. तू ओळखलं असशीलच. दहावीत गणिताचे मार्क सांगताना माझा आवाज असाच व्हायचा. गाडी मस्त आहे, खोटं नाही बोललो. पण दसऱ्याला हार घालून घरी आणल्यापासून दोन-अडीच महिने तिने मला जे नाचवलं ते फोनवर सांगता येईना, कारण शेजारी हिचे कान होते. पहिल्या दिवसापासून हिचं एकच, "स्कूटर घ्या म्हटलं होतं." तू पाडव्याला हीच गाडी उचलणार आहेस, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. हसायचं तेवढं हसून घे.

माझा रोजचा रस्ता तुला माहीत आहे. मुंबई नाका, द्वारका चौक, मग पुणे रोडने सिन्नरला कंपनीत. द्वारकेला सकाळी पाच-सात मिनिटं सहज जातात, आणि आता कुंभाच्या कामांमुळे कुठे काय खणून ठेवलं असेल ते त्या रामरायालाच ठाऊक. तिथे उभं राहायचं म्हणजे न्यूट्रल पाहिजे, पहिल्या-दुसऱ्याच्या मधली ती बिनगिअरची जागा. तो सापडायचाच नाही! पहिल्यातून हलकं वर उचललं की थेट दुसरा. दुसऱ्यातून हलकं दाबलं की थेट पहिला. मीटरवरचा न्यूट्रलचा हिरवा दिवा मधेच क्षणभर डोळा मारून जायचा. शेवटी क्लच दाबून धरून उभं राहायचं, तर गाडी तशीच इंच-इंच पुढच्या रिक्षाला टेकायला निघालेली. क्लच पूर्ण दाबलेला असताना गाडी पुढे सरकते कशी, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण हात इतका भरून यायचा की डोकं चालायचंच नाही. कंपनीत पोचल्यावर चहाचा कप उजव्या हाताने धरायचो.

शोरूमच्या सर्व्हिसला नेली. तिथल्या पोराने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "सर, नवीन गाडी आहे, हजार किलोमीटर होऊ द्या, आपोआप सेट होईल." यात अर्धं खरं आहे, म्हणून तर आपण फसतो. नव्या गिअरबॉक्सचे दाते घासून गुळगुळीत व्हायला वेळ लागतो आणि पहिलं ऑइल बदललं की गिअर खरंच मऊ पडतात. माझेही पडले. पण क्लच दाबूनही गाडी सरकणं हे 'सेट' होण्यातलं नव्हे. हजार किलोमीटर उलटून गेले तरी द्वारकेला तेच.

मग आमच्या जुन्या सिडकोतल्या मिस्त्रींकडे गेलो. वडिलांच्या हिरो होंडाला हात लावलेला माणूस. त्यांनी गाडी चालूसुद्धा केली नाही. स्टुलावर बसले, दोन बोटांनी क्लचचा दांडा हळूच ओढला, सोडला, पुन्हा ओढला आणि मला म्हणाले, "पोराच्या कंपासमधली पट्टी आण."

पट्टी दांड्याच्या टोकाशी धरली. दांडा ओढायला लागल्यापासून क्लचची वायर ताणली जाईपर्यंत जो मोकळा खेळ असतो, तो प्ले. गाडीच्या पुस्तकात १० ते २० मिलिमीटर लिहिलंय. माझा भरला २८. म्हणजे मी दांडा मुठीपर्यंत दाबत होतो, पण त्यातला बराचसा प्रवास नुसती ढिली वायर गोळा करण्यातच जायचा. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या क्लचच्या आतल्या प्लेटा पूर्ण सुट्या व्हायच्याच नाहीत. इंजिन थोडं थोडं गिअरबॉक्सला ओढत राहणार, दाते एकमेकांत ताणाने अडकून बसणार, मग न्यूट्रलला सुटतील कसे? द्वारकेवर मी बिचाऱ्या पायाला शिव्या घालत होतो आणि दोष हाताशी होता.

एवढ्यावर थांबले नाहीत ते. हेडलाइटच्या मागे बोट घातलं आणि हसले. डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमबाहेरच्या एका पोराकडून मी मोबाईल होल्डर बसवून घेतला होता. त्याने चार्जरची वायर नीट बसावी म्हणून ती क्लचच्या केबलला प्लास्टिकच्या पट्टीने करकचून आवळली होती. केबलला तिथे असा कोन आला होता, की बागेतली नळी पायाखाली यावी. आतली तार घासत होती, म्हणून दांडा जड. पट्टी कापली तेव्हा 'टक्' आवाज झाला आणि केबल अंग मोकळं केल्यासारखी पुढे सरकली. मी दांडा दाबून पाहिला. बंड्या, लोण्यात सुरी! दोन महिने मी हाताला आयोडेक्स चोळत होतो रे.

प्ले त्यांनी १५ वर आणून दिला. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून दोन्हीकडे पुन्हा मोजला. हे तूही कर. सरळ हँडलला बरोबर असलेला प्ले वळवल्यावर नाहीसा झाला तर केबल कुठेतरी अडतेय असं समज. पैसे विचारले तर म्हणाले, "पट्टी कापायचे काय घ्यायचे?"

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मला अक्कल आली होती ना! डिसेंबरात वाटलं, अजून थोडा आवळला तर क्लच आणखी मस्त लागेल. दांड्यापाशी जो अॅडजस्टर असतो तो बाहेर काढत गेलं की प्ले कमी होतो. मी काढत गेलो. दांडा बोट लावताच 'लागायला' लागला. स्वतःवर खूश होऊन रविवारी हिला मागे बसवून सप्तशृंगीला निघालो. वणीपर्यंत झकास. नांदुरीहून गडाचा घाट सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर इंजिन भोंग्यासारखं ओरडायला लागलं, गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने. रेस वाढवली की आवाज वाढतो, वेग नाही. मग वास आला, जळक्या कागदासारखा. ही मागून म्हणाली, "काहीतरी करपतंय." हिच्या आवाजात काळजीपेक्षा समाधान जास्त होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

झालं होतं ते आधीच्या बरोबर उलटं. प्ले शून्य केला की वायर कायम ताणलेली राहते, म्हणजे कोणीतरी क्लच अर्धवट दाबून धरल्यासारखंच. आतल्या स्प्रिंगांना प्लेटा पूर्ण आवळता येत नाहीत. सपाट रस्त्यावर चालून जातं, चढाला दोन माणसांचं ओझं आलं की प्लेटा घसरतात आणि जळतात. कडेला घेतली, अॅडजस्टर बोटांनीच परत आत फिरवला, इंजिन वीसेक मिनिटं थंड होऊ दिलं, हिला एक नारळपाणी पाजलं. मग नीट चढली. नशीब, थोडक्यात निभावलं. प्लेटा काळ्या पडून वाकल्या असत्या तर इंजिनचं झाकण उघडायची वेळ आली असती. आता टोकाशी १५ म्हणजे १५. देवाची शपथ घेतल्यासारखं पाळतो.

आणखी एक थोडक्यात हुकलं. मेहुण्याकडे कारचं अर्धा डबा ऑइल उरलं होतं. महागातलं, 'फुल सिंथेटिक' वगैरे. म्हटलं, वाया कशाला घालवायचं. मिस्त्रींनी डबा हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली आणि बाजूला ठेवून दिला. आपल्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघं एकाच ऑइलात बुडालेले असतात. कारच्या ऑइलात घर्षण कमी करणारा मसाला असू शकतो. कारचा क्लच कोरडा, त्याला ऑइल लागतच नाही, त्यामुळे तिथे बिघडत नाही. आपल्या क्लचचं मात्र सगळं काम घर्षणावर. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' हा मोटरसायकलच्या ऑइलाचा दर्जा लिहिलेला बघूनच घे, आणि जाडी पुस्तकात दिलीय तीच. सर्व्हिसला टाकतानाही डबा बघायला माग. ते तोंड वाकडं करतील, करू देत.

आता पायाचं सांगतो, त्याची मला जास्त लाज वाटते. वडिलांच्या जुन्या गाडीला चार गिअर, चारही पुढे दाबून. चौदा वर्षं मी तेच केलं. नव्या गाडीला पहिला खाली दाबून, पुढचे चार वर उचलून. पहिल्याच आठवड्यात मुंबई नाक्यावर तिसऱ्यातून चौथा टाकायला सवयीने पुढे दाबला. पडला दुसरा. मागचं चाक किंचाळलं आणि बस स्टॉपवरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली.

त्याच्या जोडीला कंपनीचे सेफ्टी शूज. पुढे लोखंडी टोपी असल्याने अंगठा लिव्हरच्या खाली जाईचना. मग मी टाचेने मागचा भाग दाबायचो, तोही अर्धवट. पहिल्यातून दुसरा टाकताना गिअर मधेच न्यूट्रलला अडकायचा आणि रेस दिली की नुसती डरकाळी. म्हणजे बघ गंमत, उभं असताना न्यूट्रल मिळत नाही आणि चालताना नको तिथे मिळतो! मिस्त्रींनी लिव्हरचा बोल्ट काढला, लिव्हर खोबणीतून बाहेर ओढली आणि एक दाता वर सरकवून बसवली. एकच दाता. पण बूट आता खाली नीट जातो आणि गिअर एका दमात पूर्ण उचलला जातो. हा बोल्ट सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो. मी आधी घरी ओढून पाहिलं होतं, तेव्हा टाइलवर बसून घाम गाळला होता.

गाडी बंद असताना गिअर पडत नसेल तर लाथा मारू नकोस. गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकांच्या बाजूला खुंट्या असतात, त्या समोरच्या चाकाच्या खाचेत शिरल्या की गिअर पडतो. खुंटीसमोर खुंटी आली तर कितीही दाब, जाणार नाही. गाडी वीतभर पुढे-मागे ढकल, खाच समोर येते. चालू गाडी असेल तर क्लच जरासा सोडून पुन्हा दाबायचा. आणि सिग्नलला थांबल्यावर न्यूट्रल शोधायचा नाही. चाक अजून फिरत असतानाच दुसऱ्यातून अंगठ्याने नुसता स्पर्श करायचा.

सध्या थंडी कडक आहे. सकाळी पहिला गिअर टाकताना अजूनही 'खट्ट' होतं आणि गाडी अंगावर काटा आल्यासारखी हलते. रात्रभर गार झालेल्या घट्ट ऑइलाने प्लेटा एकमेकींना चिकटतात, त्याचं ते. स्टार्टर मारायच्या आधी गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून दोन पावलं ढकलतो, मग न्यूट्रल करून मिनिटभर चालू ठेवतो. शेजारचे काका विचारतात, "आजही ढकलस्टार्ट का?" मी हो म्हणतो. कोण समजावत बसणार.

बाकी ठीक. पाडव्याला गाडी घेशील तेव्हा पोराची पट्टी खिशात ठेव आणि होल्डरवाल्या पोराच्या डोक्याशी उभा राहा. पहिली सर्व्हिस झाली की थेट इकडे ये. मिसळ माझ्याकडून, गडावर मात्र तुझ्या गाडीने जाऊ. हिने माझ्या गाडीला घाटबंदी केली आहे. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
नान्या

ता. क. आज सकाळी द्वारकेला पहिल्या फटक्यात न्यूट्रल पडला. हिरवा दिवा बघत इतका वेळ बसलो की सिग्नल सुटलेला कळलाच नाही. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.