आमची कॉपी परत पाठवा, साहेब

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

बरीच वर्षं झाली, बेळगाव-खानापूर भागातनं मी वेगवेगळ्या पेपरांच्या रविवार पुरवणीला लेख पाठवतोय. नोकरी वेगळी आहे पण फीचर लिहायचं वेड काय सुटत नाही. आज लेख नाही, एक विनंती पाठवतोय. आम्ही पाठवलेला मजकूर, म्हणजे तुमच्या भाषेत कॉपी, जसाच्या तसा छापू नका. चुका काढा, प्रश्न विचारा, खुणा करा आणि परत पाठवा, आम्ही दोन दिवसांत नीट करून देतो की.

हे आत्ताच का लिहितोय तर मागच्या पावसाळ्यात एका पेपरात (नाव घेत नाही) खानापूर तालुक्यावरचा माझा लेख आला. शुक्रवारी रात्री व्हॉट्सॲपवर पाठवला आणि रविवारी सकाळी फोटोसकट छापून हजर. घाईत माझ्याकडनं कणकुंबीला घटप्रभा उगम पावते असं लिहून गेलं होतं. तिथं मलप्रभेचा उगम आहे हे खानापुरातलं शाळेतलं पोर पण सांगेल, मलाही माहीतच होतं, पण लिहिताना कसं गेलं देव जाणे. चूक माझीच, त्याबद्दल वाद नाही. पण मी सेंड केल्यापासनं पेपर छापून होईपर्यंत मध्ये एकाही माणसानं ते नीट वाचलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. जांबोटीच्या बसस्टॉपवर ओळखीच्या एका काकांनी तो पेपर माझ्यापुढं धरला, त्या ओळीखाली निळ्या पेननं रेघ मारलेली. बोलले काहीच नाहीत, नुसते बघत राहिले.

पूर्वी असं नव्हतं. माझा पहिला मोठा लेख बेळगावच्या बासमतीवर होता, शहापूर-वडगाव-येळ्ळूर शिवारातल्या भातावर. सुरुवात काय केलेली तर 'निसर्गाचं वरदान लाभलेल्या बेळगावच्या कुशीत सोनेरी पिकं डोलत होती', पहिले दोन पॅरे सगळं असलंच. तेव्हा डेस्कवर एक ज्येष्ठ उपसंपादक होते, त्यांनी ते दोन्ही पॅरे लाल पेननं आडवे खोडले आणि बाजूला लिहिलं, 'वास नेमका कधी येतो? पोतं किती किलोचं? २० गुंठ्यांचा एकर कुठल्या गावात?' एकर ४० गुंठ्यांचा, मी हिशोबात अर्धाच धरलेला, म्हणजे एकरी उताऱ्याचा माझा आकडाच चुकलेला. मला तेव्हा भयंकर राग आला, खोटं कशाला सांगू.

पण गेलो परत वडगावला, लेखासाठी ज्यांच्याशी बोललो होतो त्याच शेतकरी काकूंकडं. त्या म्हणाल्या, "शिजल्यावरच कशाला रे बाळा, भात फुलोऱ्यात आलं की पहाटे बांधावर ये, मग कळतंय." म्हणून तेवढे दिवस थांबलो आणि एका पहाटे गेलो. पाय चिखलात, अंधार अजून गेला नव्हता आणि सगळ्या शिवाराला घरात भात शिजतोय तसा वास. तेवढ्यात वारा फिरला आणि बळ्ळारी नाल्याचा वास आला, शहराचं सांडपाणी घेऊन येतो तो. काकूंनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "हे पण लिही." माझा लेख तिथंच बदलला. आधी नुसतं बासमतीचं कौतुक होतं, मग पावसाळ्यात नाला फुगून शेतात शिरतो आणि उभं पीक कुजतं ते आलं. पुढं हलगा-मच्छे बायपाससाठी त्याच सुपीक पट्ट्यावर घाला आला तेव्हा तो जुना लेख काढून वाचणारे शेतकरी मला भेटलेत.

दुसऱ्या खेपेलाही कॉपी परत आलीच. काकूंच्या तोंडी मी 'आम्ही अत्यंत चिंतित आहोत' असं घातलेलं. उपसंपादकांनी विचारलं, असं बोलल्या का त्या? नव्हत्या बोलल्या. "पीक कुजतंय, कुणाला सांगायचं?" असं बोललेल्या, मग तेच ठेवलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला समोर बसवून अख्खा लेख मोठ्यानं वाचायला लावला, जिथं दम लागला तिथं वाक्य तोडलं. आजही मी पाठवायच्या आधी घरी मोठ्यानं वाचतो.

अजून एक. जागा कमी पडली की लेख खालनं कापतात. बातमीला ते चालतं, तिच्यात महत्त्वाचं सगळं वर असतं. फीचरचं तसं नसतं हो, सांगायचं ते कित्येकदा शेवटच्या पॅऱ्यातच असतं. १५० शब्द जास्त झालेत एवढा फोन करा, आम्हीच मधलं काढून देतो.

आणि आपल्या भागात तर हे जास्तच गरजेचं आहे. इथं जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, लेख मराठीत. ओळखीच्या एका पोरानं नोटिशीतलं 'हळ्ळ' हे 'हळ्ळी' वाचलं आणि ओढ्याचं गाव करून टाकलं, तेही छापून आलं. दोन्ही भाषा येणारा एक माणूस डेस्कवर नुसती नजर टाकायला असता तर पकडलं असतं ना. १९४६ ला याच बेळगावात मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, स्वतः पेपरचे संपादक, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथंच झाला. बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून आम्ही दरवर्षी १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो, मराठी पाट्यांसाठी, मराठी कागदपत्रांसाठी भांडतो, मग मराठीत जे छापतो ते छापायच्या आधी दोनदा वाचायला नको का?

मानधन वाढवा असं म्हणत नाही. पुरवणीसाठी बुधवारपर्यंत कॉपी घ्या, गुरुवारी खुणा करून परत पाठवा, शुक्रवारी आम्ही पक्की देतो. व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवलात तरी चालेल.

निपाणीच्या विडी कामगार बायकांवर मी लिहितोय, पुढच्या आठवड्यात तुमच्याकडं पाठवतो. एका बाईच्या बोलण्यातला दिवसाच्या विड्यांचा हिशोब अजून मला नीट लागलेला नाही आणि सुरुवात पण मनासारखी झालेली नाही. जिथं खटकेल तिथं खूण करा, मी परत निपाणीला जाऊन येतो.

आपला,
एक पुरवणी लेखक, वडगाव, बेळगाव