पेन्सिलीआधीचा हात

प्रिय मंगल,

सप्रेम नमस्कार. माझा गुडघा बरा आहे, काकूही ठीक आहेत. घाईने लिहिण्याचे कारण असे की, शनिवारच्या पालकसभेत दिवाळीनंतर बालवाडीच्या छोट्या गटालाही रोज एक पान लेखन द्यावे असा आग्रह झाला आणि पुढच्या सभेत त्यावर बोलायचे काम मोठ्या बाईंनी माझ्याकडे दिले. एका आईने शेजारच्या मुलाची वही आणली होती. पानभर गिरवलेला अ, आणि तोही इतका दाबून की पान उलटून बोट फिरवले तर प्रत्येक रेघ हाताला लागत होती. सगळ्यांना त्या वहीचे कौतुक वाटले. माझ्या मात्र पोटात तुटले. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?

मनगटातली आठ लहान हाडे जन्मतः कूर्चेची असतात आणि ती सगळी हाडाची व्हायला वयाची दहा-बारा वर्षे जातात. बोटांचे बळ आणि डोळ्या-हाताचा मेळही हळूहळूच येतो. आमच्याकडे नव्याने आलेला एक मुलगा खडू मुठीत धरून खांद्यापासून हात फिरवतो; पण पाण्याच्या खेळात तोच स्पंज शेवटच्या थेंबापर्यंत पिळतो. परवा पिळलेला स्पंज माझ्या हाती देऊन म्हणाला, "बाई, याला वाळत घाला, सर्दी होईल." आता या मुलाला ठिपके जोडायला बसवू का? त्याच्या लेखनाची तयारी त्या बादलीपाशी चाललेली आहे, हेच मला पालकांना दाखवायचे आहे.

कणीक मळणे, दोरीला कपड्यांचे चिमटे लावणे, कागद फाडून चिकटवणे, चिंचोके आणि खडे वेगळे करणे (ते मोजून द्यायचे आणि मोजूनच परत घ्यायचे, नाहीतर एखादा नाकात जातो) हे सगळे तू करतच आलीस. खडूचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करण्याची तुझी युक्ती मी नव्या ताईंना शिकवली, कारण एवढासा तुकडा मुठीत मावतच नाही आणि तीन बोटे आपोआप पुढे येतात. कागद भिंतीवर लावला की मनगट आणि खांदा दोन्ही कामाला लागतात. पेन्सिल छोट्या गटात दिसताच कामा नये, हे तुझे म्हणणे मात्र मला आजही मान्य नाही. ती तबकात असावी, ज्याला हवी त्याने उचलावी आणि बाईंनी गप्प राहावे. या भांडणात मी माघार घेणार नाही.

ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांसोबत १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला खडे, शिंपले, पाने अशा परिसरातल्या वस्तूंवर बालवाडी उभी केली; २०२० चे शैक्षणिक धोरणही तीन ते आठ या वयासाठी खेळातूनच शिकवा म्हणते. पण ही नावे सांगून पालक ऐकतील असे मला वाटत नाही. त्यांची भीती खरी आहे: पहिलीत आपले मूल मागे पडले तर? म्हणून मी त्यांना आधी डाव्या हाताने, डावखुऱ्यांना उजव्या हाताने, स्वतःचे नाव पाच वेळा लिहायला लावणार आहे. मग सांगेन की घरी रोज एक गोष्ट वाचून दाखवा, मुलाच्या नावाचा पहिला आवाज कोणता ते खेळत ओळखायला लावा, आणि भाजी निवडताना त्याला शेजारी बसवा.

त्यासाठी तुझी ती जुनी फाईल हवी आहे, जिच्यात एकाच मुलीची वर्षभराची चित्रे तू तारखा घालून ठेवली होतीस. आधी नुसता गुंता, मग मिटलेला गोल, मग गोलाला डोळे, आणि मार्चमध्ये कोणी न सांगता कोपऱ्यात काढलेले नावातले पहिले अक्षर. माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा ती चार पाने पालकांना पटतील.

तुझ्या नव्या घराचे काम कुठवर आले? लेकीला वसतिगृह मिळाले का? भावजींना नमस्कार. फाईल शुक्रवारपर्यंत हाती पडेल अशी पाठव. चित्रांना चिकटपट्टी लावणार नाही, सभा झाली की जशीच्या तशी परत करीन.

तुझी,
शैला