ब्रेक ऑइल म्हणजे लोणचे नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला गाडीच्या निगेवरचा लेख वाचला. 'उरलेले ब्रेक ऑइल टोपण घट्ट लावून ठेवावे, पुढच्या खेपेला उपयोगी पडते,' असा सल्ला ज्यांनी दिला, त्यांनी ते स्वतःच्या गाडीत भरून एकदा दिवे घाट उतरून दाखवावा.

मी उतरलो आहे. माळ्यावर अर्धी बाटली पडून होती, तीन पावसाळे खाल्लेली. टोपण घट्टच होते हो! पैसे वाचवले म्हणून खूश होऊन तीच गॅरेजवाल्याला दिली, त्यानेही निमूटपणे ओतली. जेजुरीहून परतताना, मस्तानी तलाव दिसू लागला आणि पॅडल थेट जमिनीला टेकले. मागे सासूबाई 'येळकोट येळकोट' म्हणत होत्या, तो गजर की धावा ते अजून कळलेले नाही. दुसरा गिअर आणि हँडब्रेक यांच्या कृपेने आज हे पत्र लिहितो आहे. गंमत म्हणजे अर्ध्या तासाने पॅडल पुन्हा कडक! दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला म्हणाला, "काका, ब्रेक तर एकदम ओके आहेत."

ओके असणारच. ऑइल हवेतला ओलावा ओढते, पाणी मुरले की लवकर उकळते, घाटात ब्रेक तापले की नळीत वाफ होते, आणि पॅडलने नुसती वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोहोचतच नाही. गाडी निवली की वाफही गेली आणि पुरावाही. डॉट ३ या मानकाचे ताजे ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या आत उकळता कामा नये, त्यात ३.७ टक्के पाणी शिरले की मानकही १४० वरच समाधान मानते. बाटली उघडली तेव्हाच आत हवा शिरली, मग टोपण कितीही आवळा. श्रावणात मिठाला पाणी सुटते ते निदान दिसते तरी. हे ऑइल तसेच सोनेरी दिसत राहते. सीलबंद डबा दोनेक वर्षे ठीक, बाटलीवर कंपनीने लिहिलेले असते ते पाहावे. उघडलेली मात्र त्या कामापुरतीच, म्हणून लहान बाटली घ्यावी. नाना पेठेत मी पॅकिंगची तारीख विचारली तर दुकानदार म्हणाला, "काका, ऑइल आहे, दूध नाही." आपले लेखक बहुधा त्याच दुकानाचे गिऱ्हाईक असावेत.

खुलासा छापणार असाल तर पुरवणीतच, त्याच जागी छापावा. आतल्या पानावर निविदांच्या खाली नको.

जाता जाता, पावसात अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाकावा, हे वितरण विभागाला तीनदा कळवून झाले. वरचा लेख मी इस्त्रीने वाळवून वाचला आहे.

आपला,
एक जुना वाचक, सहकारनगर, पुणे