दलालाच्या आधी पाड्यावर पोचणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव, तुमच्या संस्थेचं नाव आणि पाड्याचं नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. आमच्या विद्यार्थ्याला वेठीला ठेवल्याचा खटला अजून चालू आहे. मुलाची ओळख उघड होईल असं काही छापायला बाल न्याय कायद्यानं बंदी आहे, हे तुम्हीच आम्हा शिक्षकांना बजावून सांगितलं होतं. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण बोलणीही तुम्ही चारचौघांतच खाल्लीत.

आमचा विद्यार्थी मेंढपाळाच्या वाड्यावरून सुटून आला, त्या दिवशी पाड्यावर सगळे हजर होते. पोलीस होते, पत्रकार होते, पुढारी होते. फोटो निघाले. दुसऱ्या दिवसापासून फक्त तुम्ही येत राहिलात. मला त्या पुढच्या दिवसांबद्दल लिहायचं आहे.

प्रांत कार्यालयातला जबाब माझ्या डोळ्यांसमोर झाला. साहेबांनी सरळ विचारलं, "तुला जबरदस्तीनं ठेवलं होतं का?" पोरगा म्हणाला, "नाय." लिहून घेणाऱ्याचा पेन कागदाला टेकला आणि मला वाटलं, संपलं सगळं. तुम्ही हात जोडून एकच विनंती केलीत, की प्रश्न थोडा वेगळा विचारू द्या. मग त्याच्याशेजारी खाली फरशीवर बसलात आणि विचारलंत, "घरची आठवण आली की काय करायचास रे?" तो म्हणाला, "मालकाला सांगायचो, जातो म्हणून." मग? "मालक म्हणायचा, जा की. पण कोकरू मेलं ना तुझ्या हातनं, त्याचे पैसे फिटले की जा." साहेबांनी मान वर करून पाहिलं. ते वाक्य जसंच्या तसं जबाबात गेलं आणि त्याच्याच जोरावर पुढे वेठबिगारीतून मुक्तीचा दाखला निघाला.

वेठबिगारी म्हटलं की लोकांना साखळदंड हवे असतात. १९७६ चा कायदा साखळदंड विचारत नाही. उचलीपोटी किंवा कर्जापोटी माणूस अडकला आणि त्याला दुसरीकडे जायची मोकळीक उरली नाही, तर ती वेठबिगारी. तिथं ते कर्जच रद्द होतं आणि ते वेठीचं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयानं तर १९८२ मध्ये एशियाडच्या, म्हणजे आशियाई खेळांच्या, बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सांगून ठेवलंय, की उपासमारीपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीत राबावं लागणं हीसुद्धा सक्तीच. हे सगळं तुम्ही आम्हाला शाळेच्या ओसरीवर बसून समजावलंत आणि दाखल्याला इतकं महत्त्व का, तेही सांगितलंत. दाखला नसेल तर सरकारदरबारी ते पोर नुसतं 'घरी परत आलेलं' असतं. दाखला असेल तर ३०,००० रुपयांपर्यंतची तातडीची मदत मिळते, पुढच्या पुनर्वसनाचा हक्क लागू होतो आणि मालकाचा माणूस दारात आला तर त्याला दाखवायला हातात कागद असतो.

पुनर्वसनाची मोठी रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी बांधून ठेवली आहे, हा मला उघड अन्याय वाटतो. खटला वर्षानुवर्षं चालतो, पोराची भूक तेवढी थांबते का? म्हणूनच तारखेच्या दिवशी त्याच्या आईला एसटीत बसवून कोर्टात नेण्याची तुमची धडपड मला फार मोलाची वाटते.

त्या आईबद्दलही लिहायला हवं. गावात जो तो म्हणत होता, "आईनंच विकलं." तुम्ही तो शब्द आमच्या शाळेत कुणाला उच्चारू दिला नाहीत. तिला तुम्ही पहिल्यांदा विचारलंत ते एवढंच, की त्या महिन्यात घरात धान्य किती होतं. मग ती बोलायला लागली. नवरा आजारी, रेशनकार्ड नाही, पावसाळ्यात मजुरी नाही आणि एक माणूस येऊन सांगतो, पोरगं पोटभर जेवेल, वर पैसे घे. मानवी तस्करीच्या गुन्ह्यात बळी पडलेल्याची संमती कायदा धरत नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये हे होतं, आता न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. त्या आईच्या होकाराकडेही तुम्ही त्याच नजरेनं पाहिलंत. तिचं रेशनकार्ड आणि जातीचा दाखला दोन्ही तुम्ही पाठपुरावा करून मिळवून दिलेत.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलगी दगावली. एखादी मेंढी आणि थोड्याफार रुपयांवर कातकऱ्यांची लेकरं मेंढ्यांमागे राबायला नेली जातात, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्रानं वाचलं. श्रमजीवी संघटनेनं ते प्रकरण लावून धरलं आणि मग एकामागून एक मुलं सुटत गेली. त्या बातम्या थांबल्यावर तुम्ही आमच्या पाड्यांवर यायला लागलात, तेही नेमक्या वेळेला. श्रावणात कणग्या रिकाम्या होतात तेव्हा एकदा आणि वीटभट्टी, कोळसाभट्टीचे मुकादम उचल घेऊन येतात त्या दिवाळीच्या तोंडावर पुन्हा. मुकादमाच्या आधी तुम्ही नमुना ४ चे अर्ज घेऊन दारात उभ्या असता, रोजगार हमीचं काम मागायला. कोण कुठल्या भट्टीवर जाणार, कुणाकडून किती उचल घेतली, मुकादमाचा फोन नंबर काय, सगळं वहीत. मुलांसाठी दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक किंवा इथंच राहायला हंगामी वसतिगृह, ते आमच्याकडून करून घेता.

मुंबईत कामाठीपुऱ्यात प्रेरणा संस्थेनं १९८८ साली धंद्यातल्या बायांच्या मुलांसाठी रात्रीचं केंद्र सुरू केलं, त्याची माहिती मी तुमच्यामुळेच वाचली. आईच्या धंद्याची वेळ रात्रीची, मुलांना धोका रात्रीचा, म्हणून केंद्रही रात्रीचं. आमच्याकडे धोका महिन्यांच्या हिशोबानं येतो, म्हणून तुम्हीही महिने धरून येता. इतकं साधं वाटणारं हे नियोजन करायला माणसांमध्ये किती वर्षं वावरावं लागत असेल, याची मला आता कल्पना आहे.

पोरगा नियमित येतो आहे. भागाकार जमायला लागलेत, वाचन अजून अडखळतं. बँकेतलं खातं तुम्ही सांगितल्याप्रमाणे आईच्या जोडीनं उघडलं आणि पासबुक शाळेच्या कपाटात न ठेवता तिच्याच हातात दिलं. तिनं तुम्हाला निरोप दिलाय, की या खेपेला जेवल्याशिवाय जायचं नाही. नाचणीची भाकरी आणि चिंबोऱ्यांचं कालवण करणार आहे.

यंदाच्या हंगामाची यादी आम्ही दोघी शिक्षिकांनी सुरू केली आहे. काही घरांत उचल आधीच पोचली आहे, त्यांची नावं वेगळी काढून ठेवली आहेत. तुम्ही याल तेव्हा त्या घरांपासून सुरुवात करू.

तुमची कृतज्ञ,
जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका, नाशिक जिल्हा