कारा समुद्राचं बर्फ आणि नागपूरचा सप्टेंबर

माननीय केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

22 सप्टेंबर 2023 ला आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. शेवटची पंगत उठेस्तोवर रात्र झाली. मग पाऊस सुरू झाला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि पहाटे पाणी घरात. आम्ही मुखवटे फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवले आणि शेजारच्या आजींना उचलून जिन्यावर नेलं.

मी भूगोल शिकवते. पोरांनी विचारलं, "मॅडम, पाऊस जायच्या दिवसांत एवढा कसा?" उत्तर शोधताना आपल्याच मंत्रालयाच्या गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांचा 2021 चा अभ्यास सापडला. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. तिथे उन्हाळ्यात बर्फ कमी असलं की उघडं पाणी वरची हवा तापवतं, वाऱ्यांची घडी युरोपपासून आशियापर्यंत बदलते, त्यात अरबी समुद्राची वाफ मिळते आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीची शक्यता वाढते, असा संबंध त्यांना दिसला. त्या एका रात्रीचा दोष बर्फावर टाकता येणार नाही, हे मला कळतं. पण 1979 पासून आर्क्टिक, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीचा हा प्रदेश, जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापलं आहे. आणि सप्टेंबरात आमचं सगळंच शेतात असतं: कापूस बोंडावर, सोयाबीन कापणीच्या तोंडाशी, आंबिया बहाराची संत्री झाडावर. चार दिवसांच्या झडीत बोंडं सडतात, फळगळ होते, वर्षाचं गणित तिथेच मोडतं.

याच कारा समुद्रातून रशियाचा उत्तरी सागरी मार्ग जातो. यामाल द्वीपकल्पातून 2017 पासून द्रवरूप वायूची जहाजं निघतात. त्याच्या पूर्वेला नोरिल्स्क शहर. तिथे मे 2020 मध्ये टाकी फुटून सुमारे वीस हजार टन डिझेल सांडलं. गोठलेली जमीन सैल झाल्याचं कारण तेव्हा पुढे आलं. आपल्या 2022 च्या आर्क्टिक धोरणात हवामान संशोधन आहे, तसंच खनिजं आणि जहाजवाहतूकही आहे. बर्फ वितळल्यानं वाट उघडते, तिला आपण संधी म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं. त्या संधीच्या हिशेबात काटोल-नरखेडच्या बागांचं नुकसान कोण धरतं?

माझं मागणं लहान आहे. आर्क्टिकमधलं आपलं हिमाद्री संशोधन केंद्र 2008 पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे, अभ्यास करणारी माणसं आपल्याकडे आहेत. दर ऑगस्टमध्ये कारा समुद्रातल्या बर्फाची स्थिती आणि विदर्भाच्या सप्टेंबरसाठी तिचा अर्थ, हे साध्या मराठीत जाहीर करा. कृषी विभाग आणि पंचायतींपर्यंत पोचवा. आणि आर्क्टिक परिषदेत, म्हणजे तिथल्या देशांच्या मंचावर, 2013 पासून आपण निरीक्षक आहोत, तिथे या अभ्यासाच्या बळावर बोला.

उत्तर मराठीत पाठवावं. काटोलला मामांची संत्र्याची बाग आहे, त्यांना वाचून दाखवीन.

आपली,
नागपूरची एक भूगोल शिक्षिका