जेमाटाचा एक गुण

प्रिय माधवी,

दिवाळीपासून ना पत्र, ना फोन. रागावली असशील तर रास्तच आहे. पण आजची गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगू? तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, गोळी चालू आहे.

कॅपमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या पेपर तपासणी केंद्रात, पहिल्या वर्षाचे पेपर तपासत होते. प्रश्न नेहमीचाच: जिवाणूच्या पेशीत पटलाने वेढलेलं केंद्रक नसतं, चूक की बरोबर, कारण द्या. एका उत्तरात वाचलं, 'बरोबर, पण जेमाटा ऑब्स्क्युरिग्लोबसबद्दल वाद आहे.' खाली संदर्भ, फ्युर्स्ट आणि वेब यांचा १९९१चा शोधनिबंध! अगं, त्यातलाच तो पेशीच्या पातळ कापाचा फोटो. तू झेरॉक्स आणून कॉटच्या वर चिकटवला होतास तो. क्वीन्सलँडच्या मरून धरणाच्या पाण्यातला जिवाणू, आणि त्याच्या डीएनएभोवती दोन पटलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांना तू 'सर, ऑस्ट्रेलियात असतं केंद्रक' म्हणालीस, आणि शिंदेमॅडमनी डोळे मिटून घेतले होते!

मॉडरेटर म्हणाले, मॉडेल आन्सरमध्ये नाही, गुण कापा. माझा हात काही चालेना. तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

आपलं भांडण आठव. तू म्हणायचीस, डोळ्यांना दिसतंय ते मान. मी म्हणायचे, हा एकच पातळ काप आहे. त्यावरून तू मेसमध्ये वेगळ्या टेबलावर जाऊन बसायचीस, माझ्या वाटणीचं लोणचं घेऊन. आजही माझं म्हणणं तेच आहे. तोंड न मिटलेला मोदक मधोमध आडवा कापला तर पारीचं वर्तुळ पूर्णच दिसणार. वरचं तोंड उघडं आहे हे त्या कापात कळणार कसं? २०१३ साली हायडेलबर्गच्या मंडळींनी इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने कापांवर काप रचून अख्खी पेशी त्रिमितीत उभी केली. त्यांना बंद खोली सापडलीच नाही. आतलं पटल म्हणजे पेशीपटलच आत वळलेलं, सगळीकडे सलग. पुढे २०१५ साली प्लँक्टोमायसीट्सच्या, म्हणजे जेमाटाच्या गटातल्या जिवाणूंच्या, पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकनही सापडलं, इतर जिवाणूंच्या भित्तिकेत असतं तेच. म्हणजे ते नाहीच असं जे आपण घोकलं होतं, तेही गेलं.

तरी तुझी बाजू संपलेली नाही, हे मी मनापासून लिहितेय. फ्युर्स्ट यांच्या गटाने २०१७ साली त्याच पटलांत केंद्रकरंध्रांसारख्या, म्हणजे केंद्रकाच्या पटलातल्या ये-जा करायच्या भोकांसारख्या, रचना दाखवल्या. बंद खोलीच नसेल तर तिला दारं कशाला, हा प्रश्न मला छळतो. आणि २०२२ साली कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटांच्या खारफुटीतली थायोमार्गारिटा मॅग्निफिका आली, तीही जिवाणूच! एकच पेशी, जवळजवळ १ सेंटिमीटर लांब, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी. तिचा डीएनए पटलाच्या छोट्या छोट्या पिशव्यांत, आणि प्रथिनं बनवणारे रायबोसोमही त्याच पिशव्यांत. आपल्या पेशीत रायबोसोम केंद्रकाबाहेर राहून काम करतात, म्हणून मी याला केंद्रक म्हणणार नाही. पण 'जिवाणूचा डीएनए पेशीत मोकळाच असतो' हे वाक्य वर्गात फळ्यावर कसं लिहू, सांग. इतकी वर्षं लिहीत आलेय.

त्या मुलीने 'आहे' लिहिलं नाही, 'नाही'वर थांबलीही नाही. वाद आहे, एवढंच लिहिलं. अठरा वर्षांच्या पोरीला हे लिहावंसं वाटलं आणि आपण त्याचा गुण कापायचा? मी पूर्ण गुण दिलाय आणि शेऱ्यात कारण लिहिलंय. मॉडरेटर बदलतील कदाचित. बदलले तर मी लेखी तक्रार करणार, त्यात १९९१ आणि २०१३ दोन्ही संदर्भ घालून.

तुझ्या आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? अथर्वची बारावी कशी चालली आहे? नव्या घराचा पत्ता पाठव, हे पत्र जुन्याच पत्त्यावर टाकतेय.

आणि त्या रंध्रांबद्दल तुला काय वाटतं ते सविस्तर लिही. फोनवर नको, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

तुझी,
सुनीता