त्रिकोण तोच ठेवा, वाट वेगळी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काटकोन त्रिकोण आहे तोवर त्रिकोणमिती बहुतेक मुलांना झेपते. काटकोन गेला की 'आता कर्ण कुठला?' इथेच ती अडतात. मग आपण शिक्षक साइन नियम (बाजू आणि तिच्या समोरच्या कोनाचा साइन यांचे गुणोत्तर तिन्ही बाजूंसाठी सारखे) आणि कोसाइन नियम (दोन बाजू व त्यांमधल्या कोनावरून तिसरी बाजू काढण्याचा) फळ्यावर लिहितो आणि पाठ करायला सांगतो. ज्यांना वाचायला, आकडे डोक्यात धरून ठेवायला किंवा दिसायला त्रास आहे, त्यांना 'हा भाग सोडून दे' असे सांगितले जाते. मीही पूर्वी तसे सांगितले आहे आणि त्याची मला आजही खंत वाटते.

शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर लंब टाकला की मुलांच्या ओळखीचे दोन काटकोन त्रिकोण परत मिळतात. लंबाची लांबी दोन्हीकडून मांडून पाहिली की साइन नियम आपोआप हाती येतो. असा हाती आलेला नियम विसरला तरी पुन्हा काढता येतो.

डिस्कॅल्क्युलिया (आकडे आणि आकडेमोड समजायला अडचण) असलेला एक मुलगा 7 आणि 8 सेंमी बाजू व त्यांमधला 60 अंशांचा कोन घेऊन कोसाइन नियमाने तिसरी बाजू काढत होता : दोन्ही बाजूंच्या वर्गांची बेरीज, वजा बाजूंच्या गुणाकाराची दुप्पट (112) गुणिले 60 अंशांचा कोसाइन, म्हणजे अर्धा. त्याने मांडले, 49 अधिक 64 म्हणजे 113, वजा 112, उरला 1, गुणिले अर्धा! आधी वजाबाकी, मग गुणाकार. ही चूक हुशार म्हणवणारी मुलेही करतात. मी उत्तर खोडले नाही, पट्टीने काढून बघ म्हटले. बाजू साडेसात सेंमीच्या थोडी वर भरली. '112 गुणिले अर्धा' ही एकच पायरी वेगळ्या ओळीवर, चौकटीत लिहायला लावली. 113 वजा 56, म्हणजे 57. त्याचे वर्गमूळ सुमारे 7.55. त्यानंतर ती चूक त्याच्याकडून क्वचितच झाली.

दुसरी आठवण एका दृष्टिहीन विद्यार्थिनीची. जाड पुठ्ठ्यावर दोऱ्याची पायारेषा, तिच्याशी 30 अंशांत चिकटवलेली 10 सेंमीची पट्टी आणि त्या पट्टीच्या वरच्या टोकाला टाचणीवर फिरणारी 6 सेंमीची दुसरी पट्टी. ती बोटाने पट्टी फिरवत होती. थांबली, परत मागे आली आणि म्हणाली, "बाई, ही दोन ठिकाणी टेकतेय!" तेवढ्याच मापांत दोन त्रिकोण बसतात, हे डोळस मुलांच्या आधी तिला कळले. फिरती पट्टी दोऱ्याशी करते तो कोन डोळस मुलांचे कॅल्क्युलेटर 56.4 अंश एवढाच सांगत होते, 123.6 अंशांचा कोन तिच्या बोटांना सापडला होता. फिरती पट्टी 5 सेंमीची केली तर एकदाच टेकते, तीही काटकोनात. 4 सेंमीची पोचतच नाही.

बाजू आणि तिच्या समोरचा कोन एकाच रंगात दाखवण्याची पद्धत चांगली आहे. मात्र लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी मुलेही वर्गात असतात, म्हणून रंगाबरोबर ठिपके किंवा आडव्या रेघांची खूणही हवी. आकृतीही नेहमी आडव्या पायावरच नको. ती फिरवली की 'समोरची बाजू' कोणती, हे खरेच कळले आहे का ते समजते.

सूत्रांचा तक्ता, जादा वेळ आणि कॅल्क्युलेटर यांना अनेक जण सवलत म्हणतात. मला ते पटत नाही. कोणता नियम कधी वापरायचा, हे तक्ता सांगत नाही. ते मुलालाच ठरवावे लागते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : दृष्टिहीन मुलांचा आकृतीचा प्रश्न गाळून त्याऐवजी दुसरा देऊ नका. त्यांना बोटांना लागेल अशी उठावाची आकृती द्या.

आपली,
एक गणित शिक्षिका